दुसरा बंब

मी 32 वर्षं एका नगरपरिषदेच्या लेखा विभागात काढली. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ झालं, आणि भाषणात कुणीतरी म्हणालं, ‘साहेबांच्या काळात मार्चअखेर एक रुपया परत गेला नाही.’ टाळ्या पडल्या. मलाही बरं वाटलं.

त्यानंतरच्या नोव्हेंबरात सहा महिन्यांसाठी लेकीकडे गेलो. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टनपासून गाडीने तासाभरावर तिचं गाव आहे. गावाला नगराध्यक्ष नाही. पाच जणांचं एक निवडलेलं मंडळ रोजचा कारभार बघतं आणि वर्षातून एकदा, मे महिन्यात, सगळे मतदार शाळेच्या व्यायामशाळेत जमून अंदाजपत्रकावर हात वर करतात. आपली ग्रामसभाच म्हणा. फरक इतकाच, की तिथे कोरमसाठी घरोघरी सह्या गोळा करत फिरावं लागत नाही.

पोचल्यावर आठवड्याच्या आत लेक जेवताना म्हणाली, ‘‘बाबा, आमच्या गावाला ग्रँट मिळालीय. भांडवली कामांचा आराखडा. गावाचा पहिलाच. मी त्या समितीवर आहे.’’

माझे कान टवकारले. म्हटलं, ‘‘वा! किती किलोमीटर रस्ते?’’

‘‘रस्ते नाहीत.’’

‘‘मग पाण्याची टाकी?’’

‘‘टाकीही नाही. आराखडा करायलाच ग्रँट आहे. गावाकडे काय काय आहे, कधी घेतलं, अजून किती वर्षं चालेल, याची यादी.’’

मी हसलो. यादी करायला कुणी पैसे देतं? आमच्याकडे यादी शिपायाच्या टेबलावर होत असे आणि तीही योजना आल्यावर. आधी योजना यायची, मग तिच्यात बसेल अशी गरज आम्ही गावात शोधायचो. उद्यानाची योजना आली, की गावाला उद्यानाची निकड भासू लागे.

त्या रात्री लेकीने मला सगळं समजावलं. 2015च्या जानेवारीत चार्ली बेकर नवे गव्हर्नर झाले आणि त्याच महिन्यात त्यांनी ‘कम्युनिटी कॉम्पॅक्ट’ नावाचा उपक्रम काढला. तेव्हाच्या उपगव्हर्नर कॅरिन पोलिटो त्याच्या प्रमुख होत्या. राज्यात 351 शहरं आणि गावं. ज्या गावाला आपल्या कारभारातली एखादी गोष्ट सुधारायची असेल, त्याने राज्याशी करार करायचा. कामांची यादी राज्याने दिलेली, तिच्यातून निवड गावाने करायची. काम जमेल असा जाणकार माणूस आणायला राज्य मदत करतं. लेकीच्या गावाने भांडवली आराखडा निवडला होता. का? तर आदल्या हिवाळ्यात वाचनालयाचा बॉयलर बंद पडला आणि त्याच महिन्यात रस्ते खात्याचा बर्फ हटवायचा ट्रक. दोन्ही एकाच वयाचे निघाले. त्यांचं वय कुणाला ठाऊकच नव्हतं.

वाढीव कर लावून प्रश्न सुटण्यासारखा नव्हता. तिथे 1980 साली लोकांनी मतदान करून स्वतःच्या गावांना दावं बांधून घेतलंय. मालमत्ताकराची एकूण वसुली वर्षाला अडीच टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. नवी बांधकामं झाली तर त्यांची भर, तेवढीच. त्याहून जास्त हवं असेल, तर मतपेटीसमोर जायचं. कर्ज काढायचं तर गावसभेत दोन-तृतीयांश मतं लागतात. गंमत म्हणजे वर्षाअखेर उरलेल्या शिलकीला ते ‘फ्री कॅश’ म्हणतात. लेकीच्या समितीतला एक म्हातारा म्हणायचा, ‘‘ती फुकटही नाही आणि रोखही नाही.’’ हिशेबनिसाला असा माणूस लगेच आवडतो.

तिथल्या कायद्याने समितीच्या सभा सगळ्यांना खुल्या असतात. बाहेर गुडघाभर बर्फ, घरात टीव्ही, मग मी लेकीबरोबर जाऊन मागच्या खुर्चीत बसू लागलो. थर्मासमध्ये चहा. मला इंग्रजी फाइलीपुरतं येतं, पण मागणीपत्राची भाषा जगात सगळीकडे एकच असते.

पहिल्या सभेत खातेप्रमुखांच्या मागण्या आल्या. शाळेचं छप्पर, वाचनालयाचा बॉयलर आणि खिडक्या, पोलिसांच्या गाड्या, नगरभवनाचा उतरता रस्ता. अग्निशमन प्रमुखाने दोन बंब मागितले होते. रस्ते खात्याच्या प्रमुखाची मागणी एकच, तीही अर्ध्या पानावर. गावाबाहेरच्या वस्तीकडे जाणाऱ्या रस्त्याखाली एक जुनी लोखंडी मोरी आहे, तिची तपासणी करून ती बदलायची.

बेरीज फळ्यावर लिहिली गेली. आठ आकडी, डॉलरमध्ये. खोली गप्प झाली. समितीतला एक जण म्हणाला, ‘‘हा आकडा बाहेर गेला तर लोक आपल्याला गावसभेत उभं करतील.’’ मला हे वाक्य इतकं घरचं वाटलं, की चहा सांडला.

मी यादी बघत होतो आणि मला प्रत्येक ओळीतलं पाणी दिसत होतं. वाचनालयाने खिडक्या सगळ्या मागितल्या, म्हणजे त्यांना एका बाजूच्या हव्यात. पोलिसांना चार गाड्या म्हणजे दोन. बंब दोन म्हणजे एक, आणि तोही तीन वर्षांनी. आयुष्यभर मी हेच केलं आणि हाताखालच्या पोरांना हेच शिकवलं. ‘शंभर हवेत ना? दीडशे लिही. साहेब कापणारच आहे, त्याला कापायला काहीतरी ठेव.’ फक्त मोरीवाल्याच्या मागणीत पाणी नव्हतं. लेकीला विचारलं, हा गृहस्थ नवा आहे का? ती म्हणाली, ‘‘नाही बाबा, चार वर्षं हेच मागतोय. दरवेळी त्याला सांगतात, तुला रस्त्यांसाठी राज्याकडून पैसे येतात, त्यातून कर.’’

राज्याचे ते पैसे म्हणजे ‘चॅप्टर 90’. गावात रस्ते किती मैल, लोकसंख्या किती, नोकऱ्या किती, यावर वाटा ठरतो. तो वाटा डांबरात जायचा, कारण डांबर दिसतं. मोरी रस्त्याखाली असते.

जानेवारीत राज्याच्या मदतीने आणलेली सल्लागार बाई आली. तिशीतली, पायात चिखलाचे बूट. मला वाटलं, आता दोनशे पानांचा रंगीत अहवाल येणार, पहिल्या पानावर मान्यवरांचे फोटो. तिने खातेप्रमुखांना एक-एक कागद दिला. हे कधी घेतलं? अजून किती वर्षं चालेल? दुसरीकडून पैसे मिळतील का? आणि शेवटचा प्रश्न, हे काम केलं नाही तर काय होईल?

पुढच्या सभेपर्यंत कागद भरून आणायचे होते. म्हणजे मागण्या तशाच, फक्त प्रत्येकीला कारण चिकटवायचं. हे मला सोपं वाटलं होतं. कारणं लिहायला मी नगरपरिषदेत प्रसिद्ध होतो.

फेब्रुवारीतल्या सभेत सगळे कागद एका लांब टेबलावर शेजारी-शेजारी मांडले. तोवर प्रत्येकाने आपापली मागणी वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या दारातून मंडळाकडे नेली होती. शेजाऱ्याचा कागद कुणी पाहिलाच नव्हता. अग्निशमन प्रमुख, धिप्पाड गडी, टेबलाकडेने चालत वाचत होता. त्याच्या पहिल्या बंबाचं कारण पक्कं होतं. आघाडीवर वापरायच्या बंबाला तिथे साधारण 15 वर्षं धरतात, याच्याकडचा त्याहून जुना होता. दुसऱ्या बंबासमोर शेवटच्या प्रश्नाचा रकाना कोरा. त्याला काही सुचलं नसावं, किंवा लिहवलं नसावं.

मोरीच्या कागदापाशी तो थांबला. तिथे शेवटच्या रकान्यात एवढंच होतं, ‘मोरी बसली तर पलीकडच्या वस्तीला लांबून वळसा पडेल.’

त्याने वर पाहून विचारलं, ‘‘ही मोरी किती वजन पेलते?’’

रस्तेवाला म्हणाला, ‘‘माहीत नाही. तपासणीसाठीच पैसे मागितले होते.’’

अग्निशमन प्रमुख तसाच उभा राहिला. पाण्याने भरलेला बंब 18-20 टनांचा असतो, हे मला नंतर लेकीने सांगितलं. त्या माणसाला ते सांगावं लागणार नव्हतं. मोरीवर वजनाची मर्यादा लागली, तर त्याचा जुना बंबसुद्धा पलीकडे जाऊ शकणार नव्हता, मग नवे दोन घेऊन तो ते कुठे चालवणार? त्याने खिशातून पेन काढलं, आपल्या कागदावर वाकला आणि दुसऱ्या बंबाच्या ओळीवर रेघ ओढली. कुणी टाळी वाजवली नाही. सल्लागार बाईने नोंद केली आणि पुढचा कागद उचलला.

मला मात्र खुर्चीत बसवेना. आमच्या नगरपरिषदेत एका टंचाईच्या वर्षी पाण्याचा एक टँकर हवा होता. मी दोन लिहिले. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात वरच्या कार्यालयात निधी उरला होता, तो परत जायला नको म्हणून दोन्ही मंजूर झाले. एकाला चालक होता, दुसऱ्यासाठी पदच मंजूर नव्हतं. दुसरा टँकर आवारातल्या लिंबाखाली उभा राहिला. दोन पावसाळ्यांत टायर गेले, मग बॅटरी गेली, म्हणजे ती कुणीतरी नेली. त्याच वर्षी एका वॉर्डातल्या जुन्या जलवाहिनीची गळती काढायची मागणी मी ‘तरतूद नाही’ म्हणून परत पाठवली होती. शाल-श्रीफळाच्या दिवशी ज्या रुपयांसाठी टाळ्या पडल्या, त्यात त्या टँकरचेही होते.

त्या सभेनंतर यादीला गळती लागली, पण चांगली. पोलिसांच्या दोन गाड्या आपसूक कमी झाल्या. वाचनालयाने दक्षिणेकडच्या खिडक्या सोडल्या. जो तो शेजाऱ्याचा कागद वाचून आपला दुरुस्त करत होता. खोटं मागू नका, असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. शाळेच्या छपराचं प्रकरण मोठं होतं. शाळांच्या इमारतींसाठी राज्याचं वेगळं प्राधिकरण आहे, ते छप्पर-खिडक्यांसारख्या कामांच्या खर्चाचा भाग उचलतं, पण गावाने आपला वाटा वेळेत मंजूर करायला हवा. त्यासाठी छप्पर तिसऱ्या वर्षात घातलं, आणि अर्ज लगेच. बंब दुसऱ्या वर्षात गेला. पहिल्या वर्षात मोरी आली.

आराखडा सहा वर्षांचा असला, तरी गावसभेपुढे मंजुरीला जातं ते फक्त पहिलं वर्ष. बाकीची पानं दरवर्षी पुन्हा उघडायची, हवी तर बदलायची. हे मला फार पटलं. आमचे आराखडे छापून झाले, की कपाटात जात.

मे महिन्यातल्या शनिवारी व्यायामशाळेत सभा भरली. मी मतदार नाही, म्हणून मला कडेला, दोरी लावलेल्या खुर्च्यांत बसवलं. मोरीचा ठराव आला तेव्हा एक आजोबा उभे राहिले. ‘‘राज्याने आपल्याला आराखड्यासाठी पैसे दिले ना? मग मोरीचे पैसे आम्ही का द्यायचे?’’

माझ्या लेकीने माईक घेतला. ‘‘राज्याने मोरी दिली नाही. मोरी आहे, हे आपल्याला दाखवलं.’’ आजोबांचं समाधान झालेलं दिसलं नाही. मग अग्निशमन प्रमुख उठला. बंब त्या दिवशी विषयपत्रिकेवरही नव्हता, तरी तो मोरीसाठी बोलला. फार नाही, दोन मिनिटं. मतदारांची मतदानाची कार्डं वर झाली. विरोधात काही होती, आजोबांचंही होतं. ठराव मंजूर झाला आणि सभा कुत्र्यांच्या परवान्याच्या शुल्कावर गेली, त्यावर मात्र तासभर वाद झाला.

पुढच्या आठवड्यात मी परतलो.

आमची गृहनिर्माण सोसायटी 1994ची आहे. मी तिचा सचिव. पोटनियमांप्रमाणे दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान 0.25 टक्के सिंकिंग फंडात जायला हवेत. आमच्याकडे ते जात होते आणि रंगकामात खर्चही होत होते. रंग दिसतो. ऑगस्टच्या सभेसाठी मी नेहमीप्रमाणे वर्गणीचा आकडा दीडपट करून लिहायला घेतला, मग तो कागद फाडला. एक फॉर्म केला, चार प्रश्नांचा, आणि प्रत्येक मजल्यावर दिला. प्लंबर आणि गच्ची तपासणारा माणूस यांना पैसे देऊन बोलावलं. खजिनदार म्हणाले, ‘‘काम न करता नुसतं बघायचे पैसे?’’ मी म्हटलं, ‘‘हो, बघायचेच.’’

यादी आता जिन्यातल्या फलकावर लावली आहे. 19 ओळी आहेत. पहिली ओळ वरच्या पाण्याच्या टाकीच्या स्लॅबची. लिफ्ट बदलण्याचं काम सहाव्या क्रमांकावर आहे. मी पाचव्या मजल्यावर राहतो.