संशय आणि साक्ष

एखाद्या घोर कृत्याविषयीं आपणांस कांहीं ठाऊक असेल, किंवा नुसता संशय असेल, तर आपलें कर्तव्य कोणतें? मौन धरणें बरें, कीं बोलणें बरें? वाचकहो, हा प्रश्न मोठ्या शहरांपुरता नाहीं. नांदेड व लातूर जिल्ह्यांतील लहानशा वाडींतही तो उभा राहतो. महात्मा गांधींच्या खुनाच्या चौकशीवरून त्याचा विचार करूं.

ता. 30 जानेवारी 1948 रोजीं दिल्लींत नथुराम गोडसे यानें गांधीजींवर गोळ्या झाडल्या. त्यापूर्वीं दहा दिवस त्यांच्या प्रार्थनासभेजवळ स्फोट होऊन मदनलाल पाहवा पकडला गेला होता. आपल्या साथीदारांत पुण्याचा एक संपादक असल्याचें त्यानें सांगितलें. दुसऱ्याच दिवशीं मुंबईचे प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांनीं मुख्य मंत्री खेर व गृहमंत्री मोरारजी देसाई यांस भेटून, मदनलालनें पूर्वीं आपणांजवळ काय बोलून दाखविलें तें कळविलें. तरी घात टळला नाहीं. 1949 सालीं निकाल देतांना न्यायाधीश आत्माचरण यांनीं त्या दहा दिवसांतील पोलिसांच्या ढिलाईवर ठपका ठेविला.

पुढें 1964 सालीं, शिक्षा भोगून सुटलेल्यांच्या पुण्यांतील सत्कारसमयीं, ग. वि. केतकर यांनीं हा बेत आपणांस अगोदर ठाऊक होता असें सांगितलें. आपण ती वार्ता सरकारास कळविली होती, असेंही त्यांचें म्हणणें होतें. देशांत क्षोभ झाला. न्यायमूर्ति जीवनलाल कपूर यांच्या आयोगानें 101 साक्षीदार तपासून 1969 सालीं अहवाल दिला. विनायकराव सावरकरांस न्यायालयानें पुराव्याअभावीं निर्दोष सोडलें होतें. आयोगानें मात्र, न्यायालयापुढें न आलेल्या जबान्या पाहून, त्यांच्याविरुद्ध मत लिहिलें. तोंपर्यंत सावरकर वारले होते. उशिरा पुढें येणारी साक्ष दुहेरी अन्याय करिते: मनुष्य अपराधी असेल तर न्याय फसतो, आणि निरपराध असेल तर मेलेल्यास उत्तर देतां येत नाहीं.

ह्याच्या उलट दोषही तितकाच भयंकर आहे. खुनानंतर पुणें, सातारा, कोल्हापूर ह्या भागांत गोडशाच्या जातीचीं म्हणून अनेकांचीं घरें जाळलीं गेलीं. त्यांतील बहुतेकांस कटाची वार्ताही नव्हती. पुढें चवथी गोळी कोणी दुसऱ्यानेंच झाडली असा तर्क निघाला. नव्या तपासाची ती मागणी सर्वोच्च न्यायालयानें 2018 सालीं फेटाळली. तर्क गोड लागतो, कारण त्याला शपथ घ्यावी लागत नाहीं.

आतां आपल्याकडे पाहा. विहिरींत प्रेत सांपडलें म्हणजे पारावर दहा नांवें निघतात. पण पंचनाम्याच्या वेळीं कोणींच कांहीं पाहिलेलें नसतें. जेथें बोलावयाचें तेथें मौन, आणि जेथें मौन धरावयाचें तेथें बडबड! ह्यानें अपराधी झांकला जातो व निर्दोषाची अब्रू जाते.

म्हणून नियम इतकाच असावा. डोळ्यांनीं पाहिलें तें पाहिलें म्हणून सांगावें. कानांनीं ऐकिलें तें कोणाकडून ऐकिलें हें सांगावें. नुसतें मनांत आलें असेल तर तेंही संशय म्हणूनच सांगावें. तें ज्याच्याकडे अधिकार आहे त्याला, वेळेवर सांगावें, आणि लिहून घेण्यास लावावें. त्यानें हयगय केली तर त्याच्या वरच्याकडे जावें. इतरत्र मात्र जीभ आवरावी. भय वाटेल हें खरें. एकट्यानें जाण्याचें धैर्य नसल्यास दोघांनीं मिळून जावें. परंतु आज भयानें गिळलेली साक्ष उद्यां कोणाच्या तरी दारांत आग होऊन येते, हें विसरूं नये.