नावडतीचं मीठ

आपल्या भाषेनं नवऱ्यांची फार काळजी घेतली आहे. एकाच्या दोन बायका असल्या, की त्या एकमेकींच्या सवती. त्यांच्या हेव्याला 'सवतीमत्सर' असं भारदस्त नावही आहे. पण ज्यानं हा घाट घातला, त्या गृहस्थाला काय म्हणायचं? काही नाही. तो आपला नुसता नवरा! म्हणसुद्धा पाहा : नावडतीचं मीठ अळणी. मीठ दोघींचं एकाच बरणीतलं. खोड जिभेला, आणि बदनामी मिठाची.

आमच्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, पाहुणे आले की 'बीबी का मकबरा' दाखवणं आलंच. पाहुणे ताजमहालाशी तुलना करून नाक मुरडतात. मला मात्र तिथं त्या घरातल्या बायका आठवतात. ही कबर औरंगजेबाच्या थोरल्या बेगमेची, दिलरास बानूची. ती 1657 साली याच शहरात वारली. नवरा तख्तावर बसला 1658 साली. थाट तिला मिळाला तो मेल्यावर. दुसरी नवाबबाई. तिसरीला तर 'औरंगाबादी महल' म्हणत. बाईची ओळख काय, तर गावाची पाटी!

त्यांच्यात हेवेदावे नसतील, असं मी म्हणत नाही. पण एक साहेब आणि दोन हेडक्लार्क असलेल्या कुठल्याही कचेरीत डोकावा. मिशावाल्या सवती दिसतील. बढती एक, उमेदवार दोन. मग साहेबानं कुणाला आधी हाक मारली, यावरूनही रुसवे होतात. त्याला कुणी पुरुषांचा स्वभाव म्हणत नाही. 'खात्यातलं राजकारण' म्हणतात.

1707 साली औरंगजेब गेला. दिलरास बानूचा आझम आणि नवाबबाईचा मुअज्जम आग्र्याजवळ जाजऊला फौजा घेऊन भिडले. आझम मारला गेला, मुअज्जम बहादूरशहा झाला. दोघांच्या आया तोवर केव्हाच मातीआड झाल्या होत्या. पण हा मत्सर नव्हे हं. पुस्तकात याला 'वारसायुद्ध' म्हणतात.

हिंदूंपुरतं दुसरं लग्न 1955 च्या कायद्यानं बंद झालं. कहाण्या मात्र घरोघर वाचल्या जातात. महालक्ष्मीच्या कहाणीत नावडती चिमादेवराणी शेवटी राजवाड्यात येते, आपल्याला बरं वाटतं. त्याच वेळी आवडती पाटमाधवराणी रानात घालवली जाते, तिकडे फारसं लक्ष जात नाही. बायका बदलल्या; नावडतीची जागा काही रिकामी राहिली नाही. राजा आपला दोन्ही वेळा सिंहासनावरच!