संख्या आणि नाव

शास्त्रपाठ : २ शमुवेल २३:८-३९



पवित्र शास्त्रातील नावांच्या याद्या आपण बहुधा घाईने वाचतो. आजच्या शास्त्रपाठात दाविदाच्या वीरांची अशीच एक यादी आहे. कोणी मसुरीच्या शेतात एकटा उभा राहून शत्रूला मागे हटवतो. तिघे जण पलिष्ट्यांच्या छावणीतून वाट काढून राजासाठी बेथलेहेमच्या विहिरीचे पाणी आणतात. पुढे पुढे तर पराक्रमही सांगितलेला नाही. नाव आणि गाव एवढेच. इस्राएलाचे हे युद्धस्मारकच म्हणा ना. यादी संपताना शेवटचे नाव येते उरीया हित्तीचे, आणि मग बेरीज : एकंदर ३७.

हा अध्याय मनात ठेवून आपण खडकीला जाऊ. पुण्याजवळच्या या छावणीत दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांची वॉर सिमेटरी आहे. पश्चिम व मध्य भारतात ठिकठिकाणी पुरलेल्या ज्या सैनिकांच्या कबरींची कायमची निगा राखणे शक्य नव्हते, त्यांच्यासाठी ही जागा करण्यात आली. येथे १,६६८ सैनिकांची नोंद आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात आपल्या देशात मरण पावलेल्या १,८०० हून अधिक जणांची नावेही येथील स्मारकावर आहेत.

तेथे गेल्यावर प्रथम डोळ्यांत भरते ती रांगेतील दगडांची समानता. ही समानता सहज आलेली नाही. १९१७ साली स्थापन झालेल्या वॉर ग्रेव्हज कमिशनपुढे प्रश्न होता की, श्रीमंत घराण्याने आपल्या मुलाच्या कबरीवर संगमरवरी मनोरा उभारावा आणि गरिबाच्या मुलाला मातीचा ढिगारा मिळावा काय? सर फ्रेडरिक केनियन यांनी १९१८ च्या अहवालात उत्तर दिले : सर्वांना सारखाच दगड. कर्नल असो वा शिपाई, उंची तीच, रुंदी तीच. दगडावर पलटणीचे चिन्ह, नाव, हुद्दा, मृत्यूची तारीख, आणि खाली घरच्यांना हवे असल्यास चार शब्द.

या दगडांमध्ये उंच क्रूस उभा आहे. त्याची रचना सर रेजिनाल्ड ब्लूमफील्ड यांची. क्रूसावर कांस्याची तलवार आहे, टोक खाली केलेली. क्रूसावर तलवार पाहून ख्रिस्ती मन थोडे अडखळते, आणि ते अडखळावेही. पेत्राला तलवार म्यानात घालावयास सांगणाऱ्या प्रभूचा तो क्रूस आहे. मेलेल्यांचा आदर करताना युद्धाची पूजा होऊ नये, एवढे भान आपण ठेवावे.

सर्वांना सारखा मान, हे तत्त्व किती सुंदर! परंतु ते सर्वत्र पाळले गेले काय?

पहिल्या महायुद्धात आपल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, लढल्या. कूटच्या वेढ्यात त्यांनी उपास काढले. २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील सैन्य शरण गेले आणि त्यानंतर कैदेत कित्येक जण मेले. १९२९ साली बसरा येथे या मोहिमेचे भव्य स्मारक उघडण्यात आले. त्याच्या भिंतींवर ४०,००० हून अधिक मृतांचे स्मरण होते. इंग्रज अधिकारी व शिपाई यांची नावे कोरली होती, हिंदी अधिकाऱ्यांचीही होती. सामान्य हिंदी शिपायांपुढे मात्र पलटणीचे नाव आणि एक आकडा. फ्रान्समधील नव्ह शापेल येथे, १९२७ च्या स्मारकावर, ४,७०० हून अधिक हिंदी मृतांची नावे कोरली गेली. युद्ध तेच, सैन्य तेच. फ्रान्समध्ये पडला तो नावाने उरला, इराकात पडला तो बेरजेत गेला.

२०२१ साली कमिशनने आपल्याच इतिहासाची चौकशी करवून घेतली. पहिल्या युद्धातील ४५,००० ते ५४,००० मृतांचे स्मरण असमान रीतीने झाले, आणि आणखी निदान १,१६,००० जणांचे स्मरण नावाने किंवा मुळीच झाले नाही, असे त्या अहवालात आढळले. हे बहुतेक हिंदुस्थान, आफ्रिका व इजिप्त येथील लोक. कमिशनने जाहीर क्षमा मागितली.

आपल्या गावांतही हीच गोष्ट दिसते. महाराष्ट्रातील कित्येक गावांत सरकारने बसवलेली संगमरवरी पाटी आहे : या गावातून महायुद्धाला इतके गेले, पैकी इतके कामी आले. नाव एकही नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून पहिल्या महायुद्धात ४६ जण कामी आले, असे आजही अभिमानाने सांगतात. त्या प्रत्येकाला हाक मारणारी कोणी आई होती. ती काही आकड्याने हाक मारीत नव्हती.

आता उरीयाकडे परत येऊ. ही यादी दाविदाच्या वीरांची, आणि उरीयाला दाविदानेच मारवले होते. त्याची बायको घेतली आणि त्याला तुंबळ लढाईत एकटे पाडण्याचे पत्र त्याच्याच हाती दिले. उरीया परका, हित्ती. त्याचे नाव गाळून ३६ लिहिले असते तर कोणी मोजावयास बसले असते काय? परंतु देवाच्या ग्रंथात राजाच्या अब्रूसाठी शिपायाचे नाव पुसले जात नाही. मत्तयानेही प्रभूची वंशावळ देताना त्याची आठवण ठेवली आहे. देव बेरीज करतो, पण नाव लिहिल्यावाचून करीत नाही.

आपला उत्तम मेंढपाळ मेंढरांना नावाने हाक मारतो. यशया सांगतो की, देवाने आपल्या लोकांना तळहातांवर कोरून ठेवले आहे. तेच तळहात कालवरीवर खिळ्यांनी भेदले गेले.

मग आपण काय करावे? नोव्हेंबरातील स्मरणाच्या रविवारी दोन मिनिटे उभे राहून भागणार नाही. आपल्या गावच्या पाटीवरील आकड्यात कोण कोण होते, हे वृद्धांना विचारून लिहून काढावे. नोकरीनिमित्त वडोद्यात, अकोट्यात स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांनीही मूळ गावी जाल तेव्हा एवढे काम करावे. शिपाई कोणत्या धर्माचा होता हे पाहू नये.

आणि मंडळीच्या वार्षिक अहवालाकडेही पाहावे. सभासद इतके, बाप्तिस्मे इतके, गैरहजर इतके. त्या गैरहजरांत कोण आहे? पहाटे मंदिर झाडणाऱ्याचे नाव किती जणांना ठाऊक आहे? ज्याच्यावर आपण अन्याय केला आणि म्हणून ज्याचे नाव घेणे आपण टाळतो, असा एखादा उरीया आपल्या यादीबाहेर राहिला आहे काय? त्याचे नाव लिहिल्यावाचून आपली बेरीज देवापुढे बरोबर ठरणार नाही.

प्रार्थना : हे प्रभो, जे आम्हांला केवळ संख्या वाटतात त्यांना तू नावाने ओळखतोस. विसरलेल्यांची आठवण आम्हांला दे, आणि दुखावलेल्यांपुढे जाण्याचे धैर्य दे. आमेन.