बंब कोणी पेटवायचा?

आमच्या घरातला तांब्याचा बंब वयाने माझ्याहून मोठा, आणि घरात त्याला मानही माझ्याहून अधिक. 1948 साली मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी आजोबांनी हा बंब औरंगाबादेत घेतला, लासूर स्टेशनपर्यंत रेल्वेने आणला आणि पुढे बैलगाडीतून देवगाव रंगारीला. मधोमध विस्तवाची नळी, भोवती पाणी, खाली राखेची जाळी आणि पुढे पितळी तोटी. एवढ्या संसारावर त्याने आमच्या तीन पिढ्यांना न्हाऊ घातले.

यंदा दसऱ्याच्या सुमारास तो बुडाशी गळू लागला. कारागिराने बोट फिरवून पाहिले व म्हणाला, "मास्तर, डाख लावून देतो, पण पत्रा पातळ झालाय." मुलीने लगेच गॅसच्या गीझरचा विषय काढला.

मी हाडाचा मास्तर. व्याख्यान दिल्यावाचून कसा राहीन? प्लुटार्कने लिहून ठेवलेली थिसियसच्या जहाजाची गोष्ट मी सांगितली. अथेन्सच्या लोकांनी ते जहाज जपले. फळी कुजली की नवी बसवली. मग तत्त्वज्ञांत वाद पडला, की हे जहाज तेच की दुसरे? आपल्या बंबाची तोटी दोनदा बदलली, जाळी तीनदा. तरी तो आजोबांचाच ना? मग आणखी एक डाख लागल्याने काय बिघडले?

बायको गोवऱ्या रचीत होती. मान वर न करता ती म्हणाली, "ठेवा की. माझं काही म्हणणं नाही. फक्त उद्यापासून पेटवायचा तुम्ही."

डाख लागला, आणि आठ दिवस मी बंब पेटवला. पहाटे साडेचारला उठायचे, राख काढायची, पऱ्हाट्या मोडायच्या, दमट गोवरीवर फुंकर घालायची. पहिल्या दिवशी डोळे चुरचुरले, तिसऱ्या दिवशी खोकला जडला, पाचव्या दिवशी शाळेत वर्गात डुलकी लागली. मुले हसली. लहानपणच्या नरकचतुर्दशीच्या आठवणीत तिळाच्या तेलाइतकाच या धुराचा वास मला गोड वाटे. का वाटणार नाही? तो मी पांघरुणातून हुंगला होता. पदराने डोळे पुसणारी आई त्या आठवणीत कधी नव्हतीच.

जहाज तेच की दुसरे, यावर विद्वानांनी पुष्कळ खल केला. फळ्या बसवणाऱ्या सुतारांचे मत कोणी घेतल्याचे मात्र माझ्या ऐकिवात नाही.

नवी वस्तू तेवढी निर्दोष, असेही नाही. गॅस नीट जळला नाही तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. बंद न्हाणीघरात माणूस आंघोळ करता करता कोसळतो. धूर निदान डोळ्यांत पाणी आणून सावध तरी करतो. म्हणून गीझर बाहेरच्या भिंतीवर, मोकळ्या हवेत लावायचा, असे मी ठरवले.

खर्चाचा हिशेबही मांडला. शिक्षण मॅट्रिकपुरते असले तरी एवढे येते. 20 लिटर पाणी 25 अंशांनी तापवायला 500 किलोकॅलरी उष्णता लागते. तेवढी सुमारे 45 ग्रॅम गॅसात असते. वाया जाणारी धरून 65 ग्रॅम म्हणा. पऱ्हाट्या मात्र शेतातून फुकट येतात, असे मी वहीत लिहिले आणि तिथेच पेन थांबले. फुकट? त्या डोक्यावरून आणणे, मोडणे, पहाटेची झोप सोडून पेटवणे हे माझ्या हिशेबात कधी धरलेच नव्हते. ज्याची मोजदाद नाही ते आपण फुकट समजतो.

जुन्या वस्तूवर माया करणे वाईट नाही. पण त्या मायेचा भार दुसऱ्याच्या अंगावर टाकून आपण तिला निष्ठा म्हणू लागलो, की ती नुसती सोय उरते.

गीझर लागला आहे. बंब चिंच लावून घासून ठेवला आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे तो एकदा पेटेल, आणि पेटवणारा मी असेन. बायको तोवर झोपलेली असेल. पुढल्या वर्षी मला उठायचा कंटाळा आला, तर आजोबांच्या बंबावर माझे प्रेम किती होते, तेही घरात सर्वांना कळेल.