‘ही’ म्हणजे कोण?

निवृत्तीनंतर माणसाने काय करावं, याबद्दल तो माणूस सोडून बाकी सगळ्यांची मतं ठाम असतात. माझ्या बाबतीत शेजाऱ्यांचं मत होमिओपॅथी असं पडलं, चिरंजीवांचं प्राणायाम असं पडलं आणि मी जाऊन बसलो जर्मनच्या वर्गात. कारण विचाराल तर नात. ती स्टुटगार्टला असते. फोनवर बोलता बोलता ती मैत्रिणींशी जर्मनमध्ये खिदळते आणि मी इकडे ‘काय गं, काय झालं?’ करत बसतो. आजोबाला नातीचं हसू कळू नये, यासारखं दुःख नाही. तेव्हा वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी दप्तर खांद्याला लावलं. वर्गात माझ्याखालोखाल वडीलधारा विद्यार्थी तेवीस वर्षांचा होता.

पहिल्याच दिवशी कळलं की, जर्मनमध्ये चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी. मुलं कुरकुरली. मी गप्प. ज्याच्या स्वयंपाकघरात तो चमचा, ती वाटी आणि ते ताट एकाच मांडणीवर सुखाने नांदतात, त्याने जर्मनांना कोणत्या तोंडाने नावं ठेवावीत? पुढे कळलं की, मुलगी या अर्थाचा त्यांचा ‘मेडशेन’ हा शब्दही नपुंसकलिंगी. लहानपणा दाखवणारा प्रत्यय लागला की, व्यक्ती ‘तो’ नाही, ‘ती’ नाही, एकदम ‘ते’. आपलं ‘कार्टं’ तसंच. फक्त आपण कार्टं म्हणताना मुलगा-मुलगी असा भेदभाव करत नाही, ही मराठीची थोरवी.

शिकवणाऱ्या बाई मोठ्या तडफदार. तासाची शेवटची दहा मिनिटं त्या व्याकरण मिटून ठेवत आणि मराठीत गप्पा मारत. एकदा म्हणाल्या, “अविवाहित बाईला जर्मनमध्ये ‘फ्रॉयलाइन’ म्हणत. म्हणजे छोटीशी बाई. अविवाहित पुरुषाला मात्र छोटासा गृहस्थ कोणी म्हणत नव्हतं. १९७२ साली पश्चिम जर्मनीच्या गृहखात्याने हा शब्द सरकारी कागदांतून काढून टाकला.” मागच्या बाकावरची एक मुलगी पटकन म्हणाली, “आमच्याकडे कु., सौ. आणि श्रीमती. पुरुष आपला मुंजीपासून तिरडीपर्यंत श्री.”

मग लुइझे पुश या भाषाशास्त्रज्ञ बाईंचा विषय निघाला. जर्मन ही पुरुषांची भाषा आहे, अशा अर्थाच्या नावाचं त्यांचं पुस्तक १९८४ साली आलं. त्यांची एक सूचना अशी होती की, बाई की बुवा हे ठाऊक नसेल, तेव्हा प्रोफेसर हा शब्द सरळ नपुंसकलिंगी करून टाकावा. मला मौज वाटली. आपण ‘ते प्राध्यापक’ म्हणतो तेव्हा तो आदर आहे की नपुंसकलिंग, हे क्रियापद येईपर्यंत कळत नाही. आणि काही प्राध्यापकांच्या बाबतीत क्रियापद आल्यावरही कळत नाही.

पण खरं सांगतो, मनातून मी थोडा वैतागलो होतो. म्हटलं, “बाई, आम्ही भाषा शिकायला आलो. ही चळवळ मधेच कशाला?”

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “काका, सत्तरच्या दशकात अमेरिकेत जर्मन शिकवणाऱ्या बायकांनी ‘विमेन इन जर्मन’ नावाची संघटना काढली. त्यांनाही लोक हेच विचारत. त्यांचं म्हणणं साधं होतं. वाचनाच्या यादीत बायका पुष्कळ आहेत, पण सगळ्या पुस्तकाच्या आत. फसवलेल्या, बुडवलेल्या, वेड लागलेल्या. पुठ्ठ्यावर मात्र जवळजवळ कोणी नाही. असं का, हे विचारणं म्हणजे साहित्य शिकणंच की नाही?”

आणि त्यांनी मारियाने फॉन विलेमरची गोष्ट सांगितली.

१८१४ साली गटे पासष्टीला आलेला. हाफिजच्या कवितेने भारावून तो ‘दीवान’ लिहीत होता. त्या सुमारास त्याची आणि फ्रँकफर्टच्या एका सावकाराच्या घरातल्या तिशीतल्या मारियानेची ओळख झाली. कवितेत तो झाला हातेम आणि ती झुलेखा. तो कविता लिही आणि ती कवितेनेच उत्तर देई. १८१९ साली ‘दीवान’ छापून आला. त्यात तिच्याही काही कविता होत्या, थोडे शब्द इकडचे तिकडे करून. नाव नव्हतं. पूर्वेचा वारा आणि पश्चिमेचा वारा यांच्यावरच्या दोन कवितांना १८२१ मध्ये शूबर्टने चाली लावल्या. १८२८ साली तो वारला, तो त्या गटेच्याच समजून. गटे १८३२ मध्ये गेला, मारियाने १८६० मध्ये. म्हातारपणी तिने हे गुपित हेर्मान ग्रिम या अभ्यासकाला सांगितलं होतं, ते त्याने १८६९ साली छापलं. ‘दीवान’ निघाल्याला तेव्हा पन्नास वर्षं झाली होती.

“शेक्सपिअरचंही तसंच,” बाई म्हणाल्या. “जर्मनमधलं गाजलेलं भाषांतर ‘श्लेगेल-टीक’ या नावाने ओळखलं जातं. त्यातला टीक म्हणजे बाप. ‘मॅक्बेथ’चं भाषांतर त्याच्या मुलीचं, डोरोथेआचं.”

रात्री जेवताना मी ही हकीकत आमच्या हिला सांगितली. आमटी वाढता वाढता ती म्हणाली, “गटे म्हणजे शाकुंतल डोक्यावर घेऊन नाचला म्हणतात, तोच ना? नाटक डोक्यावर घेतलं, पण गुण उचलला तो दुष्यंताचा!”

मी भात कालवायचा थांबलो. गटे खरोखर नाचला की नाही, देव जाणे. १७९१ साली शाकुंतलावर त्याची चार ओळींची कविता प्रसिद्ध झाली एवढं खरं. पण विनोद फर्मास होता.

पुढच्या तासाला वाद रंगला. एक मुलगा म्हणाला, “गटेच्या नावाशिवाय त्या कविता कोणी वाचल्या असत्या का?” दुसरी म्हणाली, “पण तिने स्वतःच तर लपवलं. तिची तक्रार नव्हती, मग आपली का?” दोन्ही मुद्दे बिनतोड. बाईही क्षणभर थांबल्या. म्हणाल्या, “खरं आहे. कदाचित ते गुपित तिला प्रियही असेल. पण ती देणगी होती की सवय, हे कसं ठरवायचं? ‘नाही’ म्हणायची सोय असूनही माणूस देतो, तिला देणगी म्हणायचं. ती सोय तिला होती का?”

वर्ग गंभीर झाला. अशा वेळी माझ्यातला विनोदी लेखक गप्प बसेल तर शपथ. मी उठलो आणि शाकुंतल-दुष्यंताचं वाक्य टाकलं. वर्ग खो खो हसला. बाईंनी टाळ्या वाजवल्या. “वा, काका! हे तुमचं?”

मी म्हणालो, “हो.”

वाचकहो, उसन्या कवितांवर चर्चा चालली असताना, त्याच बाकावर बसून, मी चोरी केली होती. तीही आदल्या ताटावरची.

घरी येताना बसमध्ये हिशेब मांडला. तीस वर्षं मी असले लेख लिहितो आहे. त्यांतल्या ज्या वाक्यांना लोक हसले, त्यांतली निम्मी स्वयंपाकघरातून आलेली. ‘आमची ही म्हणते’ असं लिहून मी श्रेय दिल्याचं समाधान मानत आलो. पण ‘ही’ म्हणजे कोण? ‘ही’ हे सर्वनाम आहे. सर्वनामाला मानधनाचा चेक येत नाही. मनात वकिलीही सुरू झाली, की संसार एकच, त्यात माझं-तुझं कसलं? पण माझं-तुझं नसेल, तर पुठ्ठ्यावर दर वेळी माझंच नाव कसं? एकदा चुकून तिचं का पडलं नाही?

रात्री विचारलं, “अगं, पुढच्या पुस्तकावर तुझंही नाव घालू या का?”

“आजच कसं सुचलं?”

“तू कधी बोलली नाहीस.”

“तुम्ही कधी विचारलंत?”

मी घडलेलं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. म्हणाली, “पुस्तकाचं मागाहून बघू. आधी त्या वर्गात जाऊन सांगा, वाक्य कोणाचं ते.”

पुस्तकावर नाव घालणं सोपं होतं हो. तिथे मी उदार ठरलो असतो. वर्गात मी नुसता खोटा ठरणार होतो. नातवंडांच्या वयाच्या मुलांसमोर उभं राहून ‘ते माझं नव्हतं’ असं म्हणायला जर्मन व्याकरणापेक्षा अवघड जातं. म्हणालो एकदाचं. मुलं या वेळी हसली नाहीत, एवढी त्यांनी माझी लाज राखली. बाईंनी फक्त विचारलं, “काकूंचं नाव काय?”

मी नाव सांगितलं. आणि लक्षात आलं की, चार लोकांसमोर हे नाव मी मोठ्याने घेतलं होतं ते लग्नात, उखाण्यात. त्यानंतर आज.

मग ते इथे का छापलेलं नाही, असं तुम्ही म्हणाल. कारण या वेळी मी विचारलं. ती म्हणाली, “लेख आधी मला वाचू दे. बरा असला तर नाव घाला.” आता तो तिच्याकडे आहे. चष्मा लावून, पेन्सिल घेऊन बसली आहे, आणि आत्तापर्यंत एकदाही हसलेली नाही.