वहीतील कोरी ओळ

गतवर्षी जानेवारीत डॉक्टरांनी आम्हांस वजन उतरविण्यास बजावले आणि एक साधा उपाय सांगितला : जे जे पोटात जाईल ते ते वेळेसह वहीत लिहावे. यात कठीण ते काय, असे आम्हांस वाटले. परंतु त्याच आठवड्यात सांगवीतील पाच घरांना एका सायंकाळी आशीर्वाद देण्याचा योग आला. पहिल्या घरी केक, दुसऱ्या घरी नाताळच्या उरलेल्या नेवऱ्या, तिसऱ्या घरी ‘फादर, एवढे तरी घ्याच’ म्हणून पुढे केलेला शिरा. रात्री आम्ही लिहिले, ‘दोन पोळ्या, भाजी, वरण.’ पुढची ओळ कोरी सोडली.

ती वही कोणी वाचणार नव्हते. डॉक्टरांनीही ती मागितली नव्हती. मग हे असत्य कोणासाठी? आमच्या धर्मग्रामातील एका कामगार बंधूंनाही मधुमेहामुळे अशीच वही लागली आहे. ते म्हणाले, “फादर, रात्रपाळीत पहाटे तीनला खाल्लेला वडापाव कालचा की आजचा? म्हणून तो राहूनच जातो.” आम्ही दोघेही हसलो, पण दोघांचेही दुखणे एकच होते. स्वतःविषयी मनात जपलेले चित्र माणसाला इतके प्रिय असते, की ते वाचविण्यासाठी तो एकांतातही खोटे बोलतो.

संत इग्नेशियस लोयोला यांना हे ठाऊक होते. १५४८ साली छापल्या गेलेल्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथात त्यांनी एकच दोष निवडून दुपारी आणि रात्री त्याचा हिशेब घेण्यास सांगितले. दिवसाला दोन रेघा. जितक्या वेळा चूक, तितके ठिपके. मग दुसरी रेघ पहिलीशी, आजचा दिवस कालच्याशी ताडून पाहावयाचा. ठिपके कमी झाले का, एवढाच प्रश्न. २००८ साली अमेरिकेत सुमारे १,७०० लोकांच्या सहा महिन्यांच्या अभ्यासात रोज आहाराची नोंद ठेवणाऱ्यांचे वजन नोंद न ठेवणाऱ्यांपेक्षा दुपटीने उतरल्याचे दिसले. लिहावे लागणार, ही जाणीव घास उचलण्यापूर्वीच हात थांबविते.

तथापि वहीचाही अतिरेक होतो. तरुण वयात शिते मोजत उपाशी राहणारी मुलेमुली आपल्या घरांतही आहेत. त्यांच्या हाती वही देण्याऐवजी त्यांना प्रेमाने डॉक्टरांकडे न्यावे. मान्रेसा येथे स्वतः इग्नेशियसांनी शंकाकुल मनाने आठवडाभर अन्न वर्ज्य केले होते. पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी त्यांना तो उपास सोडावयास लावला. देह छळण्यासाठी मिळालेला नाही, हे त्यांना अनुभवाने कळले. पुढे त्यांनी आहाराविषयी जे आठ नियम लिहिले त्यांतील शेवटचा मोठा व्यवहारी आहे : भूक नसताना, जेवण झाल्यावरच, पुढच्या जेवणाचे प्रमाण ठरवून टाकावे.

आम्ही तसे करून पाहिले. पुढील घरभेटींच्या आदल्या रात्री ठरविले, की प्रत्येक घरी एकच जिन्नस, तोही थोडा. यजमानीणबाई क्षणभर हिरमुसल्या, कारण सांगताच म्हणाल्या, “मग आमच्या ह्यांनाही सांगा, फादर!” ताटात वाढलेले प्रेम अर्ध्या तुकड्यातही पुरते पोचते.

त्या रात्री वहीत लिहिले, ‘केक, अर्धा तुकडा. शिरा, दोन चमचे.’ मग पाने मागे उलटून त्या जुन्या कोऱ्या ओळीवर केक, नेवऱ्या आणि शिरा, सारे आठवून लिहिले. वजन हळूहळू उतरेल. त्या ओळीचे ओझे मात्र त्याच रात्री उतरले.