उमेदवारी

मध्यंतरी भडगावात तरुणांसाठी व्यवसाय-मार्गदर्शनाचा एक कार्यक्रम झाला. वक्ते बाहेरगावचे होते आणि बोलत चांगले होते. शेवटाकडे त्यांनी आवाज चढवला. "नोकरी गेली, धंदा बसला, तर रडत बसू नका. कालपर्यंत कोण होतात ते विसरा. शून्यापासून सुरुवात करा." टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी आमच्या गल्लीतले आबा बसले होते, नातवाला घेऊन आलेले. वयाच्या अठराव्या वर्षापासून सव्वीस वर्षं त्यांनी खानदेशातल्या एका कापडगिरणीत साचे, म्हणजे माग, चालवले होते. गिरणी बंद पडली तेव्हा ते चव्वेचाळीस वर्षांचे होते. आबांनी टाळी वाजवली नाही. मांडीवर पालथ्या ठेवलेल्या आपल्या बोटांकडे ते बघत राहिले.

तेव्हापासून तो 'शून्य' शब्द चपलेतल्या खड्यासारखा मला टोचतो आहे.

गिरण्या कशा बंद पडल्या, हे मराठी वाचकाला मी सांगायला नको. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला मुंबईचा संप, दत्ता सामंत, सुमारे अडीच लाख कामगार, मग गिरण्यांच्या जमिनी, त्यांवरचे टॉवर आणि कामगारांच्या घरांच्या सोडती हे सगळं पुष्कळदा लिहून झालं आहे. आमच्याकडचं कमी लिहिलं गेलं. चाळीसगावची आणि धुळ्याची गिरणी 1974 च्या राष्ट्रीयीकरणात सरकारकडे गेल्या. अमळनेरला प्रताप शेठजींची गिरणी होती, जळगावला खानदेश मिल होती. ज्या मुलखात कापूस पिकतो त्याच मुलखात तो विणलाही जात होता आणि भोंग्यावर गावाची घड्याळं लागत होती. एकेक करून ते भोंगे थांबले. पैशांचे हिशेब झाले, काही अर्धे राहिले, काही कोर्टात गेले. पण हाताचा हिशेब कोणीच केला नाही. सव्वीस वर्षांत माणसाच्या बोटांत जे साठतं, ते कोणत्या खात्यावर जमा धरायचं?

मी मनाशी नेहमी एक फरक करत आलो आहे. काही कसबं माणसाबरोबर चालतात, काही फाटकाच्या आत राहतात. सुताराने गाव सोडलं तरी रंधा आणि पटाशी पिशवीत घालून तो निघतो. गवंड्याची थापी, न्हाव्याचा वस्तरा, शिंप्याची कातर यांचंही तसंच. याच भडगावात कवी केशवसुत काही काळ शिक्षक होते. पोटासाठी ते मुंबई, खानदेश, धारवाड असे फिरत राहिले, पण त्यांचं जे खरं काम होतं ते प्रत्येक मुक्कामी त्यांच्याबरोबर उतरत होतं. साचेवाल्याचं तसं नाही. त्याचं कसब त्याच्या बोटांत असतं हे खरं, पण ते जागं होतं साचा हलला की. धोट्याचा आवाज जरा बदलला तर कांडी संपत आल्याचं आबांना न बघता कळायचं. हजारो उभ्या धाग्यांतून एक तुटला तर तो शोधून, दोन बोटांच्या चिमटीत गाठ मारून, साचा पुन्हा चालू करायला त्यांना काही क्षण पुरत. साचाखात्यातल्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून ते ओठांवरून बोलणं ओळखायला शिकले होते. यातलं फाटकाबाहेर काय आणता येणार होतं? फार तर ओठ वाचायची सवय, आणि तिच्याबरोबर आलेलं कमी ऐकू येणं.

तर या माणसाला तुम्ही शून्यापासून सुरुवात करायला सांगता. शून्यावर अठरा वर्षांचा मुलगा असतो. त्याला काही येत नाही, आणि आपल्याला येत असावं असं त्याला वाटतही नाही. चव्वेचाळीस वर्षांच्या कारागिराकडे पुष्कळ असतं, पण ठेवायला जागा नसते. हे शून्य नव्हे. आणि "काल विसरा" हा उपदेश तर मला निर्दय वाटतो. विसरायचं काय? सव्वीस वर्षं रोज आठ तास बोटांनी जे केलं ते डोक्याने विसरायचं म्हटलं तरी बोटं विसरत नाहीत. गिरणी सुटल्यावर कित्येक महिने आबा झोपेत गाठी मारत असत, असं त्यांच्या घरच्यांनी मला सांगितलं होतं.

त्या वक्त्यांनी अमळनेरचा दाखला दिला. तो त्यांचा हुकमाचा एक्का होता. 29 डिसेंबर 1945 ला अमळनेरला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची कंपनी निघाली. ती वनस्पती तूप करी, साबण करी. 1966 मध्ये वडिलांच्या मागे अझीम प्रेमजींनी एकविसाव्या वर्षी ती हातात घेतली आणि तेल-साबणाची कंपनी पुढे संगणकाची विप्रो झाली. "कंपनी धंदा बदलू शकते, तर तुम्ही का नाही?" असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न वजनदार आहे. विप्रोबद्दल मला आदर आहे, आणि ज्यांनी त्या काळी चार शेअर घेऊन ठेवले त्या अमळनेरच्या कुटुंबांचं पुढे जे भलं झालं त्याचाही मला आनंद आहे. पण तुलना चुकते, आणि कुठे चुकते ते बघायला हवं. कंपनी धंदा बदलते तेव्हा तिचं भांडवल तिच्याबरोबर जातं. तेलातला रुपया संगणकात घातला तरी तो रुपयाच राहतो. कारागिराचं भांडवल म्हणजे त्याचा सराव. साच्यातला सराव तुरटीच्या कारखान्यात नेला तर तिथे त्याला कोणी सुटे पैसेही देत नाही. एकाच गावात एकाकडे शेअर होते आणि एकाकडे पाळी होती. गिरणीचा भोंगा थांबला तेव्हा दोघांना एकाच जिद्दीचा मंत्र कसा पुरेल?

वक्त्यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. बसून राहणं माणसाला खातं. ते मी डोळ्यांनी बघितलं आहे. बंद गिरणीच्या फाटकाशी पाळीच्या वेळेला जाऊन उभी राहणारी माणसं मला माहीत आहेत.

आबा बसून राहिले नाहीत. आधी ते एका जिनिंगवर रात्रीचे वॉचमन झाले. पगार गिरणीपेक्षा कमी, पण महिन्याच्या महिन्याला मिळे. तरी माणूस वाळत गेला. मला वाटे, पैशामुळे असेल. मग हळूहळू लक्षात आलं की त्या कामात चांगलं करायला जागाच नव्हती. गिरणीत कापडाचा ताका तपासायला गेला की तो कोणाच्या साच्यावरचा आहे हे जॉबरला कापडावरून कळे. चूक दिसे, तशी सफाईही दिसे. शेजारच्या साच्यावरचा माणूस जाता जाता कापडावर हात फिरवून मान हलवी. त्या मान हलवण्यावर माणूस आठवडा काढत असे. वॉचमनने रात्र चांगली राखली हे कोणाला आणि कसं दिसणार? सकाळी काही गेलेलं नाही, एवढंच. काम सुटलं म्हणजे पगार सुटतो. कसब सुटलं म्हणजे पारख करणारी माणसं सुटतात. पगाराला दुसरा पगार मिळतो. पारख्याला दुसरा पारखी सहसा मिळत नाही.

म्हणून माझं मत ठाम होतं की कारागिराला त्याच्याच कसबात जागा मिळाली पाहिजे. नव्या प्रशिक्षणाच्या गोष्टी मला वरवरच्या वाटत. मीच खटपट करून आबांना मालेगावला एका यंत्रमागाच्या कारखान्यात नेलं. माग तेच, धोटा तोच. आठ दिवसांत ते परत आले. मला राग आला. ते म्हणाले, तिथे मीटर मोजतात, कापड कोणी बघत नाही. आणि मग जे म्हणाले त्याने मी गप्प झालो. आपल्या मुलाने साच्यावर उभं राहावं असं त्यांना कधीच वाटलं नव्हतं. ज्या कसबासाठी मी इतका तळमळत होतो, ते त्यांनी स्वतः पुढच्या पिढीसाठी नाकारलेलं होतं. त्यांना साचा परत नको होता. साच्यापाशी मिळणारी मान त्यांना हवी होती.

1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. त्यात स्वधर्माची तुलना आईशी केली आहे. आई आपण निवडत नाही, ती आधीच असते, तसा स्वधर्म आपल्या वाट्याला सहज आलेला असतो, असा त्याचा रोख आहे. मी हे अनेकदा वाचलं आहे आणि प्रत्येक वेळी पटलं आहे. पण आबांना बघून विचार येतो की सहज वाट्याला आलेलं काम तितक्याच सहज काढून घेतलं गेलं, तर त्या माणसाने स्वधर्म कुठे शोधावा? साने गुरुजींनी स्वतः 1930 मध्ये अमळनेरच्या शाळेतली नोकरी सोडली आणि ते सत्याग्रहात गेले. ते सोडणं होतं. आबांचं सुटणं होतं. या दोन क्रियापदांत जेवढं अंतर आहे तेवढंच त्या दोन आयुष्यांत असेल.

इथे थोडं आडवाटेला जातो, कारण एका शब्दाने मला फार दिवस धरून ठेवलं आहे. आज 'उमेदवारी' म्हटलं की निवडणुकीचा अर्ज डोळ्यांपुढे येतो. पण आपल्या आजोबांच्या पिढीत कचेरीत, पेढीवर, वकिलाकडे मुलगा 'उमेदवारी करतो' म्हणजे बिनपगारी किंवा नाममात्र पैशांवर काम शिकतो, असा अर्थ होता. काम येत नाही हे सगळ्यांना माहीत असे, आणि ते येईल ही उमेद त्याला आणि शिकवणाऱ्याला दोघांनाही असे. न येण्याच्या काळाला आपल्या भाषेने आशेचं नाव दिलं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. गिरणीतही तसा काळ होता. बदली कामगार म्हणून माणूस महिनोन्महिने फाटकावर उभा राही, कोणी रजेवर असेल तर त्याच्या जागी लागे, आणि असं करत करत हात बसे. 1961 च्या कायद्यातही 'शिकाऊ उमेदवार' हा शब्द टिकला. त्या कायद्याने किमान वय 14 ठरवलं. प्रत्यक्षात रेल्वेची शिकाऊ उमेदवारांची जाहिरात बघा, वयाची अट 15 ते 24 असते. म्हणजे चोविसाव्या वर्षानंतर उमेद संपली. त्यापुढे माणसाला एक तर काम येतच असलं पाहिजे, नाही तर त्याने राखण करावी.

जिनिंगवर दोन वर्षं काढल्यावर आबा बसस्टँडजवळच्या एका मोटार वायंडिंगच्या दुकानात जायला लागले. गिरणा नदीच्या काठच्या या भागात केळी आणि कापूस विहिरी-बोअरच्या मोटारींवर उभे असतात. उन्हाळ्यात व्होल्टेज पडलं की मोटारी जळतात आणि दुकानापुढे त्यांची रांग लागते. दुकानवाला पंचविशीचा मुलगा होता. त्याने आबांना फक्त दुपारच्या वेळेला यायला सांगितलं, पैसे शिकल्यावर ठरवू म्हणाला.

मला वाटलं, आता सगळं जुळलं. तार काय, सूत काय, बोटं तीच. मी तसं बोलूनही दाखवलं. आबांनी मान हलवली. म्हणाले, सूत तुटलं की गाठ मारायची, हेच आयुष्यभर शिकलो, आणि इथे गाठ चालत नाही. तारेवरचं आवरण नखाने खरचटलं तरी पाण्यात मोटार जळते. खाचेत तार ओढताना वेगाचा उपयोग नाही, साच्यावर वेग हेच सगळं होतं. त्यांचा हात त्यांच्याआधी पुढे जाई आणि चूक करून बसे. पहिल्या दोन महिन्यांत त्यांनी जेवढी तार वाया घालवली तेवढी एखाद्या पोराने घालवली नसती, असं त्यांचंच म्हणणं होतं.

म्हणजे मघाशी मी त्या वक्त्यांशी भांडलो, त्यात माझीही बाजू पुरती खरी नव्हती. जुनं कसब साठा म्हणून नव्या कामात येतं, ही माझी समजूत होती. ते अडथळा म्हणूनही येतं. आबा शून्याच्या पुढे नव्हते, काही बाबतींत मागे होते. त्यांना त्यांच्या कसबाचा मान परत मिळावा असं मी म्हणत होतो. त्यांनी मागितलं ते वेगळंच होतं, आणि कदाचित अधिक अवघड. पोराटोरांसमोर, गिऱ्हाइकांसमोर, सेहेचाळिसाव्या वर्षी, चुकण्याची मोकळीक. चुकल्यावर कोणी हसणार नाही आणि कीवही करणार नाही अशी जागा. ती त्यांना सरकारने दिली नाही, गिरणीने दिली नाही, माझ्यासारख्या हितचिंतकाने तर नाहीच. ती एका पंचविशीच्या मुलाने दिली, बहुधा त्याला त्यात काही विशेष वाटलंही नसेल.

त्या सुमाराला एकदा दुपारी मी दुकानात गेलो. बाजूला ग्राइंडर चालू होता. मुलगा आबांच्या पुढ्यातल्या मोटारीवर वाकून काही बोलला. मला त्या आवाजात एक अक्षर ऐकू आलं नाही, आबांना ओठांवरून कळलं. एका खाचेत दोन फेरे कमी पडले होते. गाठ मारून भागण्यासारखं नव्हतं, सगळी तार काढायला हवी होती. आबांनी चष्मा पुसला आणि इतका वेळ खपून भरलेली ती खाच उलट्या दिशेने मोकळी करायला घेतली. दारात एक शेतकरी ट्रॅक्टरला टेकून उभा होता, त्याची केळी दोन दिवस पाण्यावाचून होती. त्याने विचारलं, अजून किती वेळ? आबांनी वर बघितलं आणि सांगून टाकलं, "मी आठे नवा शे, भाऊ. येळ लागी." शेतकऱ्याने ट्रॅक्टरची चावी खिशात टाकली आणि ओट्यावर बसला.

मी गिरणीचं काही तरी विचारायला लागलो, तर त्यांनी तारेवरची नजर न काढता हात वर केला. "सर, थांबा जरा. मोजनं चुकस."

मी शेतकऱ्याशेजारी जाऊन बसलो.